जुनी गिटार देऊन पेटी-तंबोरा घेताना

बोटीवर नोकरी करणाऱ्या मामाने आणलेली, नाहीतर पहिल्या पगारातून घेतलेली गिटार वर्षानुवर्षं कपाटावर पडून असते. दरम्यान गाणं शिकायला सुरुवात झालेली असते, पेटी हवी असते, जमलं तर तंबोराही, आणि घरात जागा नि पैसा दोन्ही मोजकं. अशा वेळी बरेच जण गिटार उचलून थेट दुकान गाठतात आणि 'ही ठेवून घ्या, पेटी द्या' म्हणतात. सगळ्यांत सोपा मार्ग हाच, आणि सगळ्यांत महागही. दुकानदाराला ती गिटार पुढे विकायची असते, मधला वेळ सांभाळायची असते, कधी दुरुस्त करायची असते. तिला जी किंमत येईल असं त्याला वाटतं, तिच्या साधारण निम्मीच तो तुम्हाला देऊ शकतो. त्यात त्याची काही लबाडी नाही. पण दोन वाद्यांचे आकडे एकमेकांत मिसळले की पेटी महाग पडली की गिटार स्वस्तात गेली, हे तुम्हाला शेवटपर्यंत कळत नाही.

म्हणून विक्री आणि खरेदी हे दोन वेगळे व्यवहार ठेवा. क्रमही सांगतो: येणारं वाद्य आधी नक्की करा, मग गिटार विका, आणि खरेदी पैसे हातात पडल्यावर.

आधी पाहुणा घरी राहू द्या

पेटी महिनाभर भाड्याने किंवा उसनी आणा. कित्येक वाद्यदुकानं आणि दुरुस्ती करणारे कारागीर जुन्या पेट्या भाड्याने देतात. क्लासच्या बाईंकडेही एखादी जास्तीची असते. तंबोऱ्याचं काम तोवर मोबाइलवरच्या ॲपवर भागवा. रोज अर्धा तास बसणं होतंय का, पाठ आणि मांडी साथ देतात का, शेजारी काय म्हणतात, सगळं महिन्याभरात कळतं. त्याच महिन्यात तुमचा हात चार वेळा गिटारकडे गेला, तर विकायचा विचार बाजूला ठेवा. नवीन तारा चढवा, एवढंच करा.

बोटांचे सांधे दुखतात म्हणून गिटार सुटली असेल, तर एक गोष्ट आधी करून बघा. लोखंडी तारांच्या गिटारवर सगळ्यांत बारीक गेजचा (जाडीचा) संच चढवा आणि अर्धा-एक सूर खाली लावून वाजवा. दाब बराच कमी होतो. मात्र लोखंडी तारांच्या गिटारवर नायलॉनच्या तारा चढवू नका, आणि नायलॉनच्या क्लासिकल गिटारवर लोखंडी तर मुळीच नको. तिचा ब्रिज (पोटावरची, तारा अडकवायची लाकडी पट्टी) उखडून येतो.

वाद्य वडिलांचं, काकांचं असेल तर भावंडांना आधी विचारा, आणि तेही व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर नाही, फोन करून. विकून झाल्यावर 'मला का नाही सांगितलंस?' हे वाक्य दिवाळीला हमखास येतं.

तुमच्याकडे नेमकं काय आहे

भावना बाजूला ठेवून टॉर्च घ्या आणि गिटारच्या पोटात बघा. लेबल, शिक्का, अनुक्रमांकाचा आकडा, जे दिसेल त्याचा फोटो काढा.

लेबलवर 'निप्पॉन गाक्की' लिहिलेलं असेल तर ती यामाहा १९८७ च्या आधीची, कारण त्या वर्षी कंपनीनं ते नाव सोडलं. यामाहाची एफजी मालिका १९६६ मध्ये सुरू झाली. तिच्यातल्या सुरुवातीच्या, लाल लेबलच्या, जपानात बनलेल्या गिटारींना आजही खास गिऱ्हाईक आहे. अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीच्या गिटारचा आकडा पोटात, नेक (मान) जिथे धडाला जोडलेली असते त्या लाकडी ठोकळ्यावर असतो. १८९८ पासून हे आकडे सलग चालत आले आणि १९९० मध्ये ५ लाखांवर पोचले, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून काळ कळतो. गिब्सनचा आकडा डोक्याच्या मागे. १९७७ पासून पुढे कित्येक वर्षं तो आठ अंकी होता: पहिला आणि पाचवा अंक मिळून वर्ष, मधले तीन मिळून वर्षातला दिवस. म्हणजे ८०१५३५०१ हा आकडा १५ जानेवारी १९८३ सांगतो. १९७७ च्या आधीचे गिब्सनचे आकडे इतके वेळा पुन्हा वापरले गेले आहेत की एकट्या आकड्यावर विसंबू नये.

आपल्याकडच्या बहुतेक घरांत मात्र यातलं काहीच निघत नाही. निघते ती कोलकात्याची गिवसन, जिचं नाव घाईत गिब्सन असं वाचलं जातं, नाहीतर तिच्यासारखीच दुसरी देशी, प्लायवूडची गिटार. हिच्यावर दोन पिढ्या शिकल्या, पण हिच्या पैशात चांगली पेटी येणार नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. अशी गिटार विकण्यापेक्षा शिकायला लागलेल्या भाचीला द्यावी, असं माझं मत. आणि उलटही होतं: 'जुनी जपानी आहे, काय मिळणार' असं म्हणून लोक चांगलं वाद्य रद्दीच्या भावात देऊन टाकतात. कागदाचा एक तुकडा वाचायला पाच मिनिटं लागतात, तेवढी द्या.

तब्येत

ही तपासणी तुम्हीच करा, म्हणजे गिऱ्हाइकाने दोष काढला की दचकायला होत नाही.

तारा सुरात लावा. बाराव्या फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांपैकी बाराव्या) जाड तार आणि फ्रेट यांच्यामधलं अंतर मोजपट्टीने मोजा. लोखंडी तारांच्या गिटारला ते २.५ मिलिमीटरच्या आसपास आणि बारीक तारेखाली २ च्या आसपास असलं तर छान. ४ च्या वर गेलं असेल तर कारण शोधा. एक सरळ पोलादी पट्टी नेकवर फ्रेटांच्या माथ्यावरून ठेवा आणि ब्रिजकडे न्या. पट्टीचं टोक ब्रिजच्या लाकडाच्या वरच्या कडेला जेमतेम टेकलं पाहिजे. ते ब्रिजच्या अंगावर खाली आपटत असेल तर वर्षानुवर्षांच्या ताणाने नेकचा कोन बदलला आहे. हे ट्रस रॉड (नेकमधली सळई) फिरवून जात नाही. नेक सोडवून पुन्हा बसवावी लागते, आणि ते काम साध्या गिटारच्या किमतीपेक्षा महाग पडू शकतं. विकण्याच्या दृष्टीने जुन्या गिटारमधला सगळ्यांत मोठा प्रश्न हाच.

मग साधा कागद घ्या आणि ब्रिजच्या मागच्या कडेखाली सरकवून बघा. आत गेला तर डिंक सुटलाय. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात हवेतला दमटपणा ८०-९० टक्क्यांवर जातो; गिटारला ४५ ते ५५ मानवतो. दमटपणाने पोट फुगतं, सांधे सैल होतात. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात नेमकं उलट, लाकूड आक्रसून चिरतं. वरच्या फळीवर आणि पाठीवर बोटाच्या पेराने हलकेच टकटक करत फिरा. आतली पट्टी सुटली असेल तिथे खरखर ऐकू येते. डोकं आणि नेक जिथे मिळतात तिथे नखाने चाचपा. पडलेली गिटार तिथेच तुटते, आणि चिकटवलेली चीर पॉलिशखाली लपते.

शेवटी सूर. प्रत्येक तारेचा बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून आलेला सूर ट्यूनरवर ताडून बघा. दोन्ही जुळले पाहिजेत. तारा गंजलेल्या असतील तर ही चाचणी खोटी बोलते, म्हणून आधी नवीन तारा.

काय करावं, काय करू नये

नव्या तारा, कोरड्या मऊ फडक्याने पुसणं, फिंगरबोर्डवरचा मळ काढणं आणि खुंट्यांचे सैल झालेले स्क्रू. झालं.

पॉलिशवाल्याकडे नेऊ नका. जुन्या लॅकरवर पडलेल्या बारीक रेघांचं जाळं हा जाणकाराच्या लेखी वयाचा पुरावा असतो. चकचकीत करून आणलेली गिटार बघून तो दोन पावलं मागे सरतो, आणि किंमत तिथेच पडते. खुंट्या बदलायच्याच झाल्या तर जुन्या पिशवीत जपून गिटारसोबत द्या. मूळ पेटारा, पावती, कंपनीचा कागद, सगळं गिटारबरोबर जातं. पट्टा तेवढा ठेवून घ्या, हवा तर.

लाकूड आणि कायदा

हा भाग फक्त महागड्या, जुन्या, परदेशी वाद्यांसाठी. पाठ आणि कडा ब्राझिलियन रोझवूडच्या असतील तर ती गिटार कोणत्याही देशाच्या सीमेपलीकडे परवान्याशिवाय नेता येत नाही. हे झाड १९९२ पासून साईट्स या, दुर्मीळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टात आहे. मार्टिनने १९६९ च्या सुमारास ते सोडून भारतीय रोझवूड, म्हणजे आपली शिसव, वापरायला घेतली. आपल्या सह्याद्रीतही वाढणारं हे झाड अशा रीतीने जगभरच्या गिटारींच्या पाठीला लागलं. २०१७ मध्ये शिसवीच्या साऱ्या कुळावर निर्बंध आले होते, पण २०१९ अखेर तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. तेव्हा शिसवीची गिटार पुतण्याने ह्यूस्टनला नेली तर त्या लाकडाची अडचण नाही. ब्राझिलियन असेल तर आहे. जुन्या वाद्यात हस्तिदंताचा नट किंवा सॅडल (तारा दोन्ही टोकांना टेकतात त्या पट्ट्या) निघाला तर मात्र थांबा. आपल्याकडे हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आहे. जाणत्या कारागिराकडून तो हाडाचा आहे की हस्तिदंताचा, हे आधी बघून घ्या.

किंमत

मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत फार अंतर असतं. जाहिरातींच्या साइटवर तुमच्यासारख्याच गिटारला कुणी ६० हजार मागतोय याचा अर्थ तिला तेवढे मिळतात असा नाही; ती सहा महिने तिथेच लटकलेली असते. रिव्हर्बसारख्या वाद्यांच्या साइटवर झालेल्या विक्रीचे भाव दिसतात, ते बघा. पण अमेरिकेतला आकडा जसाच्या तसा रुपयांत आणू नका. गिब्सन-मार्टिनला तो जवळपास लागू पडतो, कारण त्यांचा बाजार जगभर आहे. साध्या यामाहाला नाही. तिचं गिऱ्हाईक पुण्या-मुंबईतलं कॉलेजचं पोरगं असतं आणि ते नव्या गिटारच्या किमतीशी तुलना करतं.

दोन जाणत्या लोकांना, एखादा दुरुस्तीवाला आणि एखादा वाजवणारा, वेगवेगळं विचारा. विकत घ्यायचा ज्याचा विचार आहे त्याला किंमत विचारू नये. मग तीन आकडे कागदावर लिहा: मागायचा, समाधानाचा आणि ज्याच्या खाली उतरायचंच नाही असा. तिसरा आकडा घरात एकाला सांगून ठेवा. गिऱ्हाईक समोर बसून गोड वाजवायला लागलं की माणूस विरघळतो.

भाव बरा यायचा असेल तर दिवाळी ते होळी हा काळ धरा. लाकूड कोरडं, सूर मोकळा. भर पावसात गिटार दाखवणं म्हणजे सर्दीच्या दिवशी आवाजाची परीक्षा देणं.

जाहिरात आणि भेट

फोटो खिडकीच्या उजेडात काढा: समोरून, मागून, डोकं दोन्ही बाजूंनी, लेबल, फ्रेट जवळून, आणि प्रत्येक ओरखडा वेगळा. दोष लपवले की गिऱ्हाईक दारात येऊन परत जातं. अर्ध्या मिनिटाचा आवाज जोडा, मोबाइलवर रेकॉर्ड केलेला चालेल. वर्णनात वर्ष, मॉडेल, झालेली दुरुस्ती आणि बाराव्या फ्रेटवरचं अंतर लिहा. 'बाबांची आठवण आहे म्हणून विकायची नव्हती' हे लिहू नका. वाचणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की विक्रेत्याला पैशांची घाई आहे.

'मी सैन्यात आहे, न बघताच घेतो, क्यूआर कोड पाठवतो' असा निरोप आला की तिथेच थांबा. यूपीआयवर पैसे मिळवण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमचे जातात. गिऱ्हाईक घरी न बोलावता गिटारच्या दुकानात किंवा ओळखीच्या क्लासमध्ये भेटलं तर दोघांनाही बरं. त्याला वाजवू द्या, घाई करू नका. रक्कम मोठी असेल तर बँकेतून घ्या. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं प्राप्तिकर कायद्याला चालत नाही. दोघांच्या सहीचा साधा कागद करा, त्यात अनुक्रमांक, मॉडेल आणि 'आहे त्या स्थितीत' हे शब्द असावेत.

कुरियरने पाठवायची झाली तर तारा एक-दोन सूर उतरवा, पूर्ण सोडू नका. डोक्याखाली आणि मानेखाली कपड्यांची घट्ट गुंडाळी, पेटारा पुठ्ठ्याच्या खोक्यात, आणि पेटाऱ्याच्या आत गिटार तसूभरही हलता कामा नये. प्रवासात मोडतात त्या बहुतेक गिटारी डोकं हिंदकळल्याने मोडतात.

देण्याच्या आदल्या संध्याकाळी तिच्यावर येतं ते सगळं वाजवून रेकॉर्ड करा, चुकतमाकत का होईना. सुट्ट्या सहा ताराही एकेक करून. फोटोंपेक्षा हे जास्त काळ ऐकलं जातं.

पेटी

गिटारच्या पैशांतला सगळा भाग वाद्यावर उधळू नका. पेटी दरवर्षी-दोन वर्षांनी सुरात लावून घ्यावी लागते, गवसणी लागते, क्लासची फी असते. पाचवा हिस्सा बाजूला ठेवावा.

एकट्या गाणाऱ्याला स्केल चेंजरची (पट्ट्या सरकवून सा बदलता येणाऱ्या पेटीची) गरज नसते. तुमची गाण्याची पट्टी, म्हणजे ज्या सुराला तुम्ही सा धरता ती, एकच असेल, तर बोटांना ती सरावाची होते. स्केल चेंजर जड असतो, त्यात हलणारे भाग जास्त, आणि बिघडला की गावातला कारागीर हात लावत नाही. साथ करायची असेल, आज काळी एक (पेटीवरची पहिली काळी पट्टी) आणि उद्या काळी पाच अशी वेळ येणार असेल, तरच तो घ्या.

दुकानात पेटी अशी तपासा. सतत सूर धरणाऱ्या खुंट्या सोडून बाकी सगळ्या उघडा, भाता पूर्ण भरा आणि एकही पट्टी न दाबता हात सोडा. भाता झपाट्याने बसला तर हवा गळते. मग एकेक पट्टी अगदी हळू हवेवर दाबा. सूर लगेच बोलला पाहिजे, फुसफुसून मग नव्हे. दुहेरी रीडची (सूर देणाऱ्या धातूच्या पात्यांची) पेटी असेल तर एका पट्टीचे दोन्ही सूर एकत्र लावून ऐका. आवाज थरथरत असेल तर दोन रीड एकमेकांशी जुळलेल्या नाहीत. रीड कुठल्या, हेही विचारा. गुजरातमधल्या पालिताण्याच्या रीड आपल्याकडे सर्रास असतात. जुन्या जर्मन आणि पॅरिस रीडच्या पेट्यांना वेगळाच भाव येतो आणि त्यांच्या नावावर फसवणूकही भरपूर होते. जुनी पेटी घेताना कारागीर सोबत न्याच.

तंबोरा

गिटारवरून तंबोऱ्याकडे येणाऱ्याला पहिल्या आठवड्यात एक धक्का बसतो. चांगली जवारी (तारांचा भरीव गुंजारव) लागलेल्या तंबोऱ्यातून षड्जाबरोबर (सा) आपोआप गंधार (ग) ऐकू येतो, आणि तो गिटारवरच्या गंधारापेक्षा १४ सेंट (अर्ध्या सुराचे १०० सेंट) उतरा असतो. गिटारचे फ्रेट सगळे सूर समान अंतरावर बसवतात, पेटीही तेच करते. निसर्ग तसं करत नाही. त्या फरकामुळेच डॉ. विद्याधर ओकांनी २२ श्रुतींची (सप्तकातल्या सूक्ष्म सुरांची) हार्मोनियम घडवली. तुमचे कान इतकी वर्षं गिटारच्या गंधारावर पोसलेले आहेत, त्यांना जुळवून घ्यायला वेळ लागतो. म्हणून दोन्ही एकदम घेण्याइतके पैसे नसतील, तर गाणाऱ्याने आधी तंबोरा घ्यावा असं मी म्हणेन. पेटीवाले याला हसतील.

तंबोरा मिरजेला जाऊन घ्या. शिकलगारांच्या घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तिथे ही कला रुजवली, सतारमेकर गल्लीत आजही तीच घरं काम करतात, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला नि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळे पंढरपूरच्या बाजूचे, लाकूड तुणीचं. जाताना तुमची पट्टी नक्की करून जा: पुरुषी तंबोरा काळी एक-दोनच्या आसपास, बायकी काळी चार-पाचला. भोपळ्यावर टिचकी मारून चिरका आवाज येतो का बघा, दांडी डोळ्याच्या रेषेत धरून वाक तपासा, आणि खुंटी लावून पाच मिनिटं थांबा. ती सरकत असेल तर रोज भांडावं लागेल. घोडी (तारा टेकतात ती पट्टी) कशाची, तेही विचारा. सांबरशिंगाची जुनी घोडी कायद्यात बसत नाही. उंटाच्या हाडाची किंवा फायबरची मिळते.

तबला-डग्गा

घरात कुणी वाजवणारं असेल तरच. तबला आपल्या पट्टीला जुळणारा हवा. पुडी (वरचं चामडं) साधारण सव्वापाच-साडेपाच इंचांची असली तर काळी एक सहज येते. काळी चारला गाणाऱ्या बाईंसाठी तोच तबला मध्यमात (साऐवजी 'म' या सुराला लावून) चालतो, वेगळा घ्यायची गरज नाही. चाटेवर (पुडीच्या कडेच्या पट्टीवर) बोट मारत सोळाही घरं (वादीच्या गाठींमधल्या जागा) फिरा. एखादं घर उतरलेलं असेल तर दुकानदाराला तिथेच हातोडीने लावायला सांगा. जमत नसेल तर पुडीच वाकडी आहे. शाईला (मधल्या काळ्या गोलाला) भेग नको, तिचा भुगा बोटाला लागता कामा नये. डग्गा तांब्याचा किंवा पितळेचा, वजनावर भाव ठरतो. हलका डग्गा घुमत नाही आणि मांडीखालून घसरतो. चुंबळ आणि हातोडी भावातच धरून मागा. गणपतीच्या आधीचे आठ-दहा दिवस कारागिरांकडे पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा जाऊ नका.

तिन्ही वाद्यांचा पहिला पावसाळा जपावा लागतो. पेटी भिंतीला टेकवू नका, जमिनीवर नुसती ठेवू नका. पाट घाला, कारण उंदराला भात्याचं चामडं फार आवडतं. तबल्याची पुडी झाकून ठेवा. तंबोरा गवसणीत, उभा नव्हे, आडवा, आणि तारा दोन सूर उतरवून.